शेजारचं काम मोबाइल का दाखवत नाही? चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांसाठी करिअर शोधायची उलटी पद्धत



एक छोटा प्रयोग करा. यूट्यूब उघडा आणि 'दहावीनंतर काय करावे' असं टाका. वर काय येतं? पुण्यातल्या क्लासचे व्हिडिओ, 'टॉप 10 हाय सॅलरी कोर्सेस', लॅपटॉपसमोर बसून डेटा सायन्सचं पॅकेज सांगणारा एखादा दादा, आणि त्याच्या खालोखाल पोलीस भरती. तुम्ही एटापल्लीत बसून शोधा नाहीतर पुण्यातल्या औंधमध्ये बसून शोधा, यादी जवळपास तीच दिसेल.

याचं कारण साधं आहे. असे ॲप तुमच्यासारख्याच गोष्टी शोधणाऱ्या लोकांनी आधी काय पाहिलं आणि किती वेळ पाहिलं, ते बघून पुढचा व्हिडिओ सुचवतात. मराठीत करिअरचे व्हिडिओ बघणारा मोठा वर्ग पुणे-मुंबईकडचा आणि स्पर्धा परीक्षावाला. त्यामुळे त्यांना जे हवं तेच तुमच्याही समोर येतं. घुग्घुसच्या सिमेंट कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक दिवसभर काय करतो, यावर कुणी व्हिडिओ बनवत नाही. बनवला तरी तो हजारभर लोक बघणार, आणि मग ॲप त्याला पुढे ढकलणार नाही.

आता आपल्या दोन जिल्ह्यांत काय काय आहे ते बघा. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र 2920 मेगावॉटचं आहे. वेकोलिच्या कोळसा खाणी बल्लारपूर, राजुरा, माजरी भागात आहेत. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही इथे सिमेंट, बल्लारपूरला कागद, भद्रावतीला आयुध निर्माणी. गडचिरोलीत सूरजागडचं लोहखनिज आणि चामोर्शी तालुक्यात कोनसरीचा कारखाना. शिवाय ताडोबा, बांबू, तेंदू, आरमोरीचा कोसा. एवढं सगळं आजूबाजूला असून दहावीच्या वर्गात 'मोठं होऊन काय करणार' विचारलं की चारच उत्तरं येतात: पोलीस, शिक्षक, डॉक्टर, इंजिनिअर. गंमत म्हणजे खाणीशेजारी राहणाऱ्या पोरालाही आतली कामं माहीत नसतात. 'अमक्याचा मुलगा वेकोलित लागला' इतकंच माहीत असतं. तो काय म्हणून लागला, कोणत्या कागदावर लागला, हे कोणी विचारत नाही.

कलचाचणी झाली, पुढे काय?

शाळेने काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. 2016 पासून काही वर्षं दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी झाली, नंतर तर ती मोबाइल ॲपवरूनही घेतली गेली. तुमच्या मोठ्या ताई-दादाने ती दिली असेल. त्यात सात क्षेत्रं होती: कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. 2020 मध्ये शिक्षण विभागाने युनिसेफच्या मदतीने महाकरिअर पोर्टलही सुरू केलं, सरल आयडी टाकून लॉगिन करायचं.

कल्पना चांगलीच होती. पण कल समजला म्हणजे वाट सापडली असं होत नाही. 'तुमचा कल तांत्रिक क्षेत्राकडे आहे' असा कागद हातात आला, तरी कोरपना तालुक्यातल्या मुलीने सोमवारी सकाळी नेमकं कुठे जायचं? माझं मत विचाराल तर आपल्याकडे शोध दुसऱ्या टोकाकडून सुरू करायला हवा. आधी काम बघायचं, मग त्यासाठी काय लागतं ते बघायचं, आणि मग आपल्याला ते आवडेल का, जमेल का, याचा विचार करायचा.

जुनी जाहिरात उलटी वाचा

यासाठी मोबाइल उत्तम चालतो. फक्त शोधायचे शब्द बदला. 'करिअर' हा शब्दच टाकू नका. काम देणाऱ्याचं नाव टाका आणि पुढे 'भरती जाहिरात पीडीएफ' लिहा. ताजी जाहिरात नको, मागच्या वर्षा-दोन वर्षांतली झालेली चालेल. तुम्हाला अर्ज करायचा नाहीये, फक्त वाचायचंय. अशा पीडीएफमध्ये पदांची नावं असतात, शिक्षण, वय, प्रमाणपत्रं, शारीरिक अट, पगाराचा स्तर, सगळं असतं. करिअर मार्गदर्शनाचं यापेक्षा प्रामाणिक पुस्तक मिळणार नाही, आणि तेही फुकट.

वनरक्षकाचंच उदाहरण घेऊ, कारण जंगलातल्या पोरांना ते सगळ्यात जवळचं वाटतं. जाहिरातीत बारावी लागते, आणि त्यात विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी किमान एक विषय असावा लागतो. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावी चालते. आता बघा, अकरावीला कला शाखा घेताना 'भूगोल नको, मार्क मिळत नाहीत' म्हणून जो विषय सोडला, तो असा दोन वर्षांनी आडवा येऊ शकतो. हे अकरावीच्या फॉर्मवर कुणी लिहून ठेवत नाही. पुढे लेखी परीक्षा, मग धावणं: मुलांना 5 किलोमीटर, मुलींना 3. आणि शेवटी चार तासांत मुलांनी 25 किलोमीटर आणि मुलींनी 16 किलोमीटर चालून दाखवायचं. रोज जंगलात जाणाऱ्या पोरांना हे चालणं सोपं, पण अडतं लेखी परीक्षेला. ती ऑनलाइन असते. आयुष्यात पहिल्यांदा माउस हातात धरणारा उमेदवार परीक्षा केंद्रावर पहिली दहा मिनिटं त्यातच घालवतो. तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी कुठे कॉम्प्युटरवर सराव परीक्षा देता येत असेल, तर दोन-चार वेळा देऊन या. मोबाइलवरचा सराव पुरत नाही.

वनरक्षक म्हणजे काठी घेऊन फिरणं, हा समजही आता जुना झाला. व्याघ्र प्रकल्पांत गस्तीची नोंद 'एम-स्ट्राइप्स' नावाच्या मोबाइल ॲपमध्ये होते. कुठून चाललो, कुठे पाऊलखुणा दिसल्या, कुठे फास सापडला, हे जीपीएससह जातं. ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठ गावाजवळ वाघ आला की इशारा देणारे एआय कॅमेरे बसवले गेलेत. कॅमेरा बसवणारी कंपनी बाहेरची असेल, पण पावसाळ्यात खांबावरचं सोलर पॅनल बंद पडलं की तिथे पोचणारं कोणीतरी गावातलंच लागतं. आयटीआय इलेक्ट्रिशियन झालेल्या मुलाने हे काम मनात टिपून ठेवावं.

आता खाण. वेकोलिच्या जाहिरातीत 'मायनिंग सरदार' हे पद दिसेल. नाव जुन्या काळचं आहे, पण जबाबदारी मोठी. आपल्या भागातल्या कामगारांच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्याच्यावर असते. त्यासाठी शिक्षण दहावीचं चालतं, पण सोबत खाण सुरक्षा महासंचालनालयाचं, म्हणजे धनबादच्या डीजीएमएसचं प्रमाणपत्र लागतं. ते मिळवायचं तर खाणीतल्या प्रत्यक्ष कामाचा अनुभव, गॅस टेस्टिंग आणि फर्स्ट एडचं प्रमाणपत्र हवं. खरी मेख इथेच आहे. जमीन गेल्यामुळे वेकोलित लागलेली कितीतरी माणसं मजूर म्हणून लागतात. त्यातला जो अनुभवाची वर्षं मोजून परीक्षा देतो, तो वर चढतो. ज्याला हे माहीतच नसतं, तो तिथेच राहतो. तुमच्या घरात कोणी असं असेल तर आज रात्री जेवताना विचारा: 'बाबा, सरदारची परीक्षा दिली का?' मायनिंगचा डिप्लोमा केला तर ओव्हरमनच्या वाटेने जाता येतं. डिग्री करायची तर नागपूरच्या व्हीएनआयटीत मायनिंग इंजिनिअरिंग आहे.

कोळशाबद्दल एक गोष्ट मात्र मनात ठेवा. तुम्ही आता पंधरा-सोळा वर्षांचे असाल तर साठीपर्यंत काम करणार, आणि तोपर्यंत कोळशाचं आजचं राज्य तसंच राहील याची खात्री कुणीच देणार नाही. म्हणून नुसती 'वेकोलितली नोकरी' डोक्यात धरण्यापेक्षा सोबत नेता येईल असं कौशल्य बघा. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, हायड्रॉलिक मशीन दुरुस्त करणारा, यांना खाण बंद झाली तरी दुसरीकडे काम असतं.

ॲप्रेंटिस: कमी बोलली जाणारी वाट

आयटीआयचं नाव काढलं की घरचे नाक मुरडतात, हे मला माहीत आहे. पण ॲप्रेंटिसशिप कायदा, 1961 काय सांगतो ते त्यांना वाचून दाखवा. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात आणि त्यांना दरमहा विद्यावेतन द्यावं लागतं. म्हणजे आपल्या भागातले सिमेंट, वीज, कागद, पोलाद हे सगळे मोठे कारखाने यात आले. सरकारच्या ॲप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर मोबाइल नंबर टाकून नोंदणी करा, राज्य महाराष्ट्र आणि जिल्हा चंद्रपूर किंवा गडचिरोली निवडा, आणि कोणत्या ट्रेडच्या जागा आहेत त्या बघा. अर्ज नंतर करा, आधी नुसतं बघा. ज्या ट्रेडचं नाव त्या यादीत पुन्हा पुन्हा दिसतं, त्याला आपल्याकडे मागणी आहे. आयटीआयचा ऑनलाइन फॉर्म भरताना पसंतीक्रम लावायला ही यादी वर्गमित्राच्या सल्ल्यापेक्षा जास्त कामाला येईल. इलेक्ट्रिशियन, फिटर दोन वर्षांचे आहेत, वेल्डर एक वर्षाचा.

ॲप्रेंटिस म्हणजे पक्की नोकरी नाही, हेही स्पष्ट असू द्या. मुदत संपल्यावर कंपनीने ठेवलंच पाहिजे असा नियम नाही. हातात राहतं ते प्रमाणपत्र आणि मशीनवर घालवलेले तास.

कागदाने घात होतो, मार्कांनी नाही

आता जरा रटाळ विषय, पण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. राखीव जागेवर इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी अशा व्यावसायिक कोर्सला प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी वडिलांकडच्या नातेवाइकांचे जुने पुरावे मागतात. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीची नोंद असली तर फार मोठा आधार होतो. अशी नोंद कुठे सापडते? आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात, कोतवाल बुकात, जुन्या जमिनीच्या कागदात. भामरागडहून गडचिरोलीला खेटे घालत ते जमवायला महिने जातात. आणि पोरं कधी सुरू करतात? बारावीचा निकाल लागल्यावर! अकरावीला प्रवेश घेतला की त्याच वर्षी कॉलेजकडून पत्र घ्या आणि अर्ज टाका.

दुसरा त्रास नावाचा. मडावी, आत्राम, पुंगाटी, वड्डे अशी आडनावं इंग्रजीत लिहिताना आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं आणि बँकेत तिसरं. ऑनलाइन फॉर्म माणसासारखा विचार करत नाही. एक अक्षर वेगळं दिसलं की तो 'मॅच होत नाही' म्हणतो आणि महाडीबीटीची शिष्यवृत्ती अडकते. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरतानाच आधार कार्ड समोर ठेवून स्पेलिंग जुळवा. बोर्डाची मार्कशीट निघाली की दुरुस्ती फार कटकटीची होते. डिजिलॉकर टाकून मार्कशीट त्यात घेऊन ठेवा. पावसात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद झाला, तरी कागद मोबाइलमध्ये असतील.

घर, वसतिगृह, फी यांच्या योजनांसाठी आदिवासी विकास विभागाची प्रकल्प कार्यालयं गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूर इथे आहेत. तिथे एकदा स्वतः जाऊन या.

ज्याला कुणी करिअर म्हणत नाही

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात सगळ्यात आधी मिळालेल्या गावांपैकी हे एक. 2011 मध्ये बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. पुढच्याच वर्षी गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला हक्क मिळाला. आज दोन्ही जिल्ह्यांत अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकतात.

विक्री म्हटलं की काय काय लागतं, विचार करा. लिलावाची नोटीस काढायची, ठेकेदाराशी करार करायचा, मजुरीचा हिशेब प्रत्येकाच्या खात्यावर टाकायचा, जीएसटी भरायचा, ऑडिट करून घ्यायचं, जंगलाचा नकाशा जीपीएसने काढायचा. ही सगळी कामं बीकॉम झालेला, टॅली येणारा गावातला मुलगा किंवा मुलगी करू शकते. नाहीतर ग्रामसभेचा हिशेब दुसऱ्याच कुणाच्या वहीत राहतो. एका ग्रामसभेच्या कामावर वर्षभराचं घर चालेल असं मी म्हणणार नाही, तेंदूचा हंगाम मे महिन्यातले काही दिवसच. पण चार-पाच ग्रामसभांचे हिशेब एका जाणत्या माणसाकडे आले तर गोष्ट वेगळी होते. बांबूपासून वस्तू करायला शिकायचं असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे.

आरोग्याचंही असंच. 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू, तुलनेच्या गावांच्या मानाने, 62 टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि पुढे देशभरातल्या आशा ताईंच्या कामात ही पद्धत आली. त्या बायका डॉक्टर नव्हत्या. नर्सिंग करणाऱ्या मुलींनो, माडिया किंवा गोंडी बोलता येणं ही तुमची जमेची बाजू आहे, बायोडाटात लिहा. पेशंटचं दुखणं त्याच्या भाषेत समजून घेणारी नर्स कुठल्याही इंग्लिश स्पीकिंग क्लासमधून तयार होत नाही.

आणि झाडीपट्टीचं नाटक! दिवाळी झाली की वडसा, म्हणजे देसाईगंजात नाटक कंपन्यांची कार्यालयं गजबजतात आणि उन्हाळा लागेपर्यंत गावोगावी रात्रभर प्रयोग चालतात. नट, गायक, ऑर्गन-तबला वाजवणारे, नेपथ्य, लाइट, साउंड, पोस्टर डिझाइन, गाड्या. हा एक पूर्ण उद्योगच आहे, आणि आपण त्याला 'हौस' म्हणतो. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. मोबाइलवर पोस्टर बनवता येणाऱ्या पोराने पहिलं गिऱ्हाईक इथे शोधायला हरकत नाही. हंगाम चार-पाच महिन्यांचा असतो, हे धरून बाकीच्या महिन्यांची सोय मात्र आधी बघावी. ताडोबाच्या गाइडचंही तेच, कोअर भाग 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतो. (आणि हो, सफारीत मोबाइल न्यायला बंदी आहे, तेव्हा त्या कामात रील बनवायचा विचार सोडून द्या.)

जाता जाता नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे. शाळा प्राथमिकच, पण 1980 च्या दशकात शेतातल्या 'पटेल 3' धानातून वेगळी लोंबी निवडून त्यांनी नवा वाण काढला. एचएमटी घड्याळाच्या नावाने तो देशभर गेला. पैसा मात्र त्यांच्याकडे फारसा आला नाही. 2001 च्या कायद्याने आता शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते. कृषी शाखेकडे जाणाऱ्यांनी हा कायदा वाचून ठेवावा.

व्हॉट्सॲपवर आलेली नोकरी

शेवटी सावधगिरीचं. 'वेकोलित डायरेक्ट भरती, आजच फॉर्म भरा' असा मेसेज तुमच्या ग्रुपवर कधी ना कधी येणारच. बरेच जण सांगतात की शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' असेल तरच साइट खरी. हा नियम अर्धाच बरोबर आहे. वनविभागाची साइट तशी आहे, पण वेकोलिची खरी साइट 'वेस्टर्नकोल डॉट इन' आहे आणि महानिर्मितीची 'महाजेनको डॉट इन'. म्हणजे फक्त शेपूट बघून चालत नाही, पूर्ण नाव अक्षर न अक्षर बघावं लागतं. 'वेस्टर्नकोल-भरती' असं काही जोडलेलं दिसलं की थांबा. सोपा उपाय म्हणजे मेसेजमधल्या लिंकवर टॅप करायचंच नाही. पत्ता स्वतः टाइप करून मुख्य साइट उघडायची, तिथल्या भरतीच्या पानावर तीच जाहिरात आहे का बघायचं. तिथे नसेल तर ती जाहिरातच नाही.

परीक्षा शुल्क आणि लाच यातला फरकही ओळखा. शुल्क अर्ज भरताना त्याच साइटवर भरलं जातं, त्याची पावती मिळते आणि रक्कम जाहिरातीत छापलेली असते. 'सिक्युरिटी डिपॉझिट', 'मेडिकलचे पैसे', 'युनिफॉर्मचे पैसे' म्हणून कुणाच्या वैयक्तिक यूपीआय नंबरवर पैसे मागितले तर ती फसवणूक. एपीके फाइल पाठवून 'हे ॲप टाका, हॉल तिकीट येईल' म्हणणाऱ्याची फाइल उघडू नका. अशा ॲपला एसएमएसची परवानगी मिळाली की बँकेचा ओटीपी त्याच्याकडे जातो.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच 1930 वर फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त असते. फोन करताना व्यवहाराचा यूटीआर नंबर, रक्कम आणि वेळ समोर ठेवा, आणि तो चॅट डिलीट करू नका, त्याचे स्क्रीनशॉट लागतात.